टाकी भरली म्हणून

या, जवळ सरका. तिकडं खांबाला टेकून नका बसू, इथं माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसा. माझा आवाज आता पहिल्यासारखा पोचत नाही, आणि जे सांगणार आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आपल्याच गावातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. तिच्यात संडासाची टाकी आहे, तेव्हा कुणी नाकाला पदर लावू नका. पन्नास वर्षं मी कीर्तन ऐकलं, टाळ धरला, बुवांच्या मागं उभं राहून घसा बसवून घेतला. दुसऱ्याच्या दुःखाचे किती दृष्टांत ऐकले आणि किती वेळा डोळे पुसले, त्याचा हिशेब नाही. पण माझ्या डोळ्यादेखत जे घडत होतं ते मला दिसलं नाही. तेच आज सांगायचं आहे.

धुळाजी धनगर तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे. उन्हानं पार काळा पडलेला, डोक्याला लाल पटका, हसला की वरचे दोनच दात दिसायचे. बायको दगडाबाई, मुलगा सोमेश्वर, सून बबिता, असं चार माणसांचं घर मारुतीच्या देवळामागं. जन्म सगळा मेंढरामागं गेला. तीन-चार वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला. पुढं काठी टेकत चालायला लागला, पण जमिनीवर उकिडवा बसला की उठता येईना. रोज सकाळी सोमेश्वर त्याला पाठीवर घेऊन ओढ्याकडं जायचा आणि लहान पोरासारखा काखेत हात घालून उठवायचा. एके दिवशी धुळाजी त्याच्या पाठीवरच रडला. मग सोमेश्वरनं काही मेंढरं विकून अंगणात संडास बांधला. खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं भांडं, ज्याला कमोड म्हणतात ते. भिंतीत धरायला लोखंडी दांडा. बाहेर अंगणात जमिनीखाली दोन खणांची टाकी आणि तिच्यावर सिमेंटचं झाकण.

पहिल्या दिवशी धुळाजी आतून बाहेर आला तो मला हाक मारतच.

"आबा, आवो आबा! निजाम बसत आसल तसं बसलो की मी!"

"मग फर्मान काय काढलं?" मी विचारलं.

"दोन काढली," म्हणाला, आणि दगडाबाई तोंडाला पदर लावून घरात पळाली.

असला कमोड गावात दोनच घरी. एक विजयसिंहांच्या बंगल्यात आणि दुसरा या धनगराच्या अंगणात.

आता सप्त्याचं सांगतो. चैत्रात हनुमान जयंतीला आपल्याकडं काला असतो आणि तो दिवस धरून सात दिवस पारायण. व्यासपीठावर धर्मराज महाराज असतात, ते तुम्हाला माहीत आहे. रोजचे कीर्तनकार येतात आणि जातात, पण महाराजांचा मुक्काम सातही दिवस. दरसाल ते विजयसिंहांकडं उतरतात. गेल्या वर्षी सप्त्याला आठ दिवस राहिले आणि विजयसिंहांचे चुलते वारले. घराला सुतक. आता महाराजांना ठेवायचं कुठं? त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या सेवेकऱ्याचा मला फोन आला, "आबा, घर कसलंही चालेल, पण कमोड पाहिजे हं." सप्त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडं. मी चपला घातल्या आणि धुळाजीचं घर गाठलं.

"म्हाराज? आमच्यात?" दगडाबाई सुपातलं धान्य तसंच ठेवून उठली. "आबा, गरिबाची थट्टा करू नगा."

"थट्टा कशाची करतोय? सात दिवस मुक्काम. जेवणखाण समितीकडं, राहणं तुमच्याकडं."

धुळाजी बाजेवर बसला होता. त्यानं उजवा हात कपाळाला नेला आणि म्हणाला, "सारा जन्म आमी मेंढरांच्या वाड्यावर बसून कर्ण्यावर कीर्तन ऐकलं आबा. मेंढरं सोडून मांडवात बसता येतंय व्हय? आन आता म्हाराजच माज्या घरी निजनार." डोळे भरले होते, पण गडी गप्प बसणारा नव्हता. "दगडे, तुजं नशीब उघडलं बघ. सात दिवस माजं घोरनं न्हाई, म्हाराजाचं घोरनं ऐकायचं."

"जिबला काई हाड हाय का तुमच्या!" ती म्हणाली, पण तिचाही आवाज ओला झाला होता.

त्या दिवसापासून घर सारवण्यात, भिंतींना चुना लावण्यात त्या बाईला दिवस पुरेना. धनगराच्या घरी महाराजांचा मुक्काम! पाहुण्यांना फोन गेले. बबिताच्या माहेराहून नवी सतरंजी आली. धुळाजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बोलावून सांगायचा.

सप्त्याला दोन दिवस उरले आणि सकाळीच बबिता माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला. "आबा, आत्याबाईंनी बोलिवलंय. संडासाचं पानी उतरंना."

जाऊन पाहिलं. बादलीभर पाणी ओतलं की कमोड काठोकाठ भरायचा आणि मग ते पाणी हळूहळू, आजारी माणसानं घोट गिळावा तसं खाली जायचं. सगळेजण माझ्या तोंडाकडं बघत उभे. मला त्यातलं काय कळत होतं? माझ्या घरी संडास तो खड्ड्याचा, टाकी मी कधी बांधली नाही. मला माहीत होतं ते धान्याचं पेव. पेवात धान्य जाईना झालं, म्हणजे पेव भरलं. मी बेधडक बोलून गेलो, "टाकी भरली."

आबा म्हणाले, म्हणजे झालं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

टाकी उपसणाऱ्या गाडीसाठी मी घाटनांदूरच्या प्रविणला फोन लावला. गडी तोंडाळ, पण कामाचा.

"बोला आबा. आज कशी गरिबाची याद आली?"

"धुळाजीची टाकी उपसायची आहे. आज येतोस का?"

"आज कुठलं! माजलगावला हाय मी, एका चाळीच्या साऱ्या टाक्या घेतल्यात. पाचव्या दिशी येतो."

"पाचव्या दिवशी सप्ता चालू असेल बाबा. मांडवाशेजारी तुझी गाडी धडधडणार, वास सुटणार. काला होऊ दे, मग ये."

"बरं. पर आबा, झाकन उघडून बगितलं का? कंदी बांदली टाकी?"

"झाली दीड-दोन वर्षं. झाकण कशाला उघडायचं? पाणी उतरत नाही म्हणजे भरली."

"तुमी म्हनता तर भरली बाबा," तो हसून म्हणाला.

झाकणाला दोन कड्या होत्या. एक पहार घातली असती तर दोन माणसांनी सहज उचललं असतं. आम्ही चार-पाच जण त्या झाकणावरच उभे होतो.

मग विचार सुरू झाला. पाणी हळू का होईना, उतरतंय. म्हणजे थोडी जागा असणार. तेवढ्यात एका माणसाचे सात दिवस निघतील. दगडाबाई, सोमेश्वर, बबिता बाहेर जातील, सवय आहे. राहिला धुळाजी. त्याचं नाव कुणी काढलं नाही, पण सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

तोच म्हणाला, "मी जातो की वाड्यावर. मेंढरात."

"कावून दादा?" सोमेश्वर चिडला. "तितं तुमाला बसता येतंय का, उटता येतंय का?"

"दोन दगड ठिव, बाजूला एक मेढकं रोव. धरून उटीन. तू हायेसच की तितं."

"मी मेंढरामागं आसतो सारा दिस."

"आरं म्हाराजांसाठी सात दिस काडू नगं व्हय मी? चांगला देव घरी आला आन मी त्येची जागा अडवून बसू?"

सोमेश्वरनं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणावं म्हणून पाहिलं, हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सातच दिवस आहेत, सोमा."

मेंढरं तेव्हा ओढ्यापलीकडच्या एका रानात बसवली होती. शेतकरी आर्जवं करून रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांच्या खतानं रान पिकतं म्हणून. भोवती जाळीचं कुंपण, एक लिंबाचं झाड, झाडाखाली घोंगडी. सोमेश्वरनं मोटारसायकलवर मागं बसवून, आपल्या कमरेला धोतरानं बांधून बापाला तिथं नेलं. दोन दगड मांडले, धरायला मेढकं म्हणजे लाकडाचा खुंट रोवला. घरातून निघताना धुळाजी दारात थांबला होता आणि काठी टेकूनच, वाकून उंबऱ्याला हात लावला होता.

महाराज आले. माणूस फार साधा. आल्या आल्या विचारलं, "घरधनी कुठं आहेत?"

दगडाबाईनं पदर सावरला. "मेंढरामागं गेलेत जी."

मी मान डोलावली. खोटं असं त्यात काय होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळचं पारायण उरकल्यावर मी पुरणपोळी बांधून घेतली आणि वाड्यावर गेलो. ऊन असं की पायाखालची ढेकळं चपलेतून भाजत होती. सोमेश्वर मेंढरं घेऊन लांब गेलेला. धुळाजी लिंबाखाली एकटाच पडला होता. मला बघून उठायला लागला, जमलं नाही, पडल्या पडल्याच हात कपाळाला लावला.

"रामकृष्ण हरी, आबा."

"रामकृष्ण हरी. हे घे, प्रसादाची पोळी आहे."

"मला न्हाई चालत. उपास धरलाय."

"कसला रे?"

"सप्त्याचा. काल्यापतूर कायबी खानार न्हाई."

"आणि पाणी?"

"सकाळी दोन घोट घेतो. ओठ वले करायपुरतं."

ओठ ओले नव्हते. भेगा पडल्या होत्या. कोपर खरचटलेलं होतं, त्यावर माती वाळलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मेढकं हाललं वाईच. पडलो. काय न्हाई त्येला." ते मेढकं मी पाहिलं, एका अंगाला पार कललं होतं. आदल्या दिवसाची भाकरी कुत्रं खात होतं. पाण्याची घागर काठोकाठ भरलेली, शेजारी तांब्या पालथा.

बघा, सगळं माझ्यापुढं मांडून ठेवलं होतं. खाल्लं तर जावं लागणार, प्यालं तर जावं लागणार. गेलं तर उठता येत नाही. पडल्यावर दुपारभर उन्हात पडून राहायचं, मुलगा मेंढरं घेऊन येईपर्यंत. आंधळ्यालाही कळलं असतं. पण माझ्या डोक्यात तीन दिवसांचा टाळ वाजत होता. मला दिसला तो उपास. माझा ऊर भरून आला. आपल्या गावचा एक अडाणी धनगर सात दिवस कडक उपास करतो, रानात बसून, महाराजांना घर देऊन! मी त्याच्या पायाला हात लावला. तो पाय मागं घ्यायला लागला, तर डावा पाय त्याला घेता येईना.

"आबा," तो म्हणाला, "म्हाराजांना चांगलं बसता-उटता येतंय का? दांडा धरायला पुरतोय ना?"

"पुरतोय," मी म्हणालो.

"मंग झालं."

गावात येऊन मी महाराजांना सांगितलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यासपीठावरून, भरल्या मांडवात, त्यांनी पोथीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी ज्यांच्या घरी उतरलोय ते धुळाजीबाबा रानात बसून सात दिवसांचा उपास करताहेत. आपण इथं सावलीत बसून ऐकतोय, ते उन्हात बसून जगताहेत. माझा त्यांना दंडवत." मांडवात टाळ्या झाल्या. दगडाबाई बायकांत बसली होती. सगळ्या तिच्याकडं वळून बघायला लागल्या तशी तिनं मान खाली घातली. तिला उपासाचं आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

कर्णा ओढ्यापलीकडं स्पष्ट ऐकू जातो. सोमेश्वर तेव्हा वाड्यावरच होता. तो नंतर मला म्हणाला, नाव ऐकलं तसा दादा उठून बसला. पटका मागितला आणि एका हातानं बांधायला लागला. सुटला, पुन्हा बांधला. त्या दुपारी सोमेश्वरनं ताकाचा तांब्या तोंडाशी धरला तर त्यानं तोंड फिरवलं.

"घ्या की दादा. कोन बगतंय?"

"कर्ण्यावर नाव घेतलं रं माजं," धुळाजी म्हणाला. "आता कसं पिऊ?"

सप्त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी महाराज मांडवात होते आणि प्रविण धुळाजीच्या दारात येऊन उभा राहिला. गाडी त्यानं बाहेर डांबरी रस्त्यावर ठेवली होती. मी धावलो.

"तुला काल्यानंतर ये म्हणालो होतो ना बे?"

"आवो, मशीन चालू करत न्हाई. चाळीचं काम उरकलं, वाटंवरच होतो. नुसतं झाकन उचलून बगतो. किती खेपा लागतेत ते कळाया नगं का?" त्यानं पहार घातली. "दूर व्हा सारे. आन आबा, तुमी तर लईच दूर. तुमी पडला तर उद्या टाळ कोन वाजवनार?"

झाकण बाजूला सरकवून, आतला वायू निघून जावा म्हणून तो चांगला वेळ लांब उभा राहिला. मग लांब बांबू आत सोडला, वर ओढला आणि त्यावरची ओली खूण बघितली. बांबू माझ्यासमोर आडवा धरला.

"ह्ये बगा. कोन म्हनलं टाकी भरली? निम्मी बी न्हाई."

मी वाकून ती खूण बघितली.

"चार मान्सांची टाकी दीड वर्सात भरती व्हय आबा? ही अजून दोन-तीन वर्सं उघडायची गरज न्हवती. आडकलंय मधीच कुटंतरी." त्यानं आकडा लावलेली सळई काढली, पाईपाच्या तोंडाशी घातली आणि पिळली. तीनदा पिळून जोरानं ओढली. हातभर लांब, काळं, घट्ट काहीतरी बाहेर आलं. मेलेलं मांजर वाटावं असं. त्यानं काठीनं ते उलगडलं. लोकर होती. कातरलेली लोकर दगडाबाईनं हिवाळ्यात न्हाणीत धुतली होती, नळ तिथं होता म्हणून. न्हाणीचं आणि संडासाचं पाणी एकाच पाईपातून टाकीत जायचं. थोडी थोडी लोकर वाहत गेली आणि पाण्यानं दाबून दाबून तिचा बोळा झाला.

"मामी," प्रविण हसला, "तुमी तर पायपातच घोंगडी विनली की!"

बबिताही हसली. दगडाबाई मात्र मटकन खाली बसली.

"मंजी टाकी रिकामी व्हती?"

"व्हतीच की."

आत बादली ओतली. घळकन पाणी खाली गेलं. किती साधा आवाज, पण माझ्या कानात तो आजही आहे.

प्रविण गेला. दगडाबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "आबा, आनू का त्येंना घरी? म्हाराजांचं बी होईल, त्येंचं बी होईल. एका कोपऱ्यात पडून ऱ्हातील."

आता नीट ऐका. टाकी भरली म्हणालो ती माझी चूक झाली, पण ती न कळण्यातली. त्यापुढचं माझं बोलणं तसं नाही. मी मनात म्हणालो, गावभर नाव झालंय, महाराजांनी दंडवत घातलाय, आता माणसाला घरी आणून उपास मोडायला लावायचा? दोनच दिवसांनी काला. काल्याच्या प्रसादानं महाराजांच्या हातून उपास सोडला तर केवढा सोहळा होईल! मला तो सोहळा दिसत होता. धुळाजीला कुठं बसवायचं, हार कुणी घालायचा, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "दोन दिवस राहिलेत. व्रत मधेच मोडू नये. काल्याला मीच आणतो त्याला, वाजतगाजत."

ती पदर सावरून आत गेली. आमच्यासमोर उलट बोलायची त्या घराला सवय नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी, पोथीचा अध्याय चालू असताना, सोमेश्वर मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. मी टाळ खाली ठेवला. जीप मिळाली तशी आम्ही रानात गेलो. दगडाबाईही बसली. धुळाजीचे डोळे आत गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सोमेश्वर म्हणाला, कालपासून लघवीच झाली नाही. आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवा घातला, डोकं दगडाबाईच्या मांडीवर. ती ओल्या फडक्यानं ओठ पुसत होती.

"पानी घ्या. उपास राहू द्या. देव काय म्हनत न्हाई."

अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवर त्यानं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक. मी पुढं बसलो होतो, पण ऐकलं.

"उपास कशाचा दगडे. उटता येईना म्हनून."

"मंग सांगायचं न्हाई का मला?"

"म्हाराज घरी हायेत... तू जीव खाल्ला असता सोमाचा." मग म्हणाला, "येकदा पडलो ते दिस मावळंपतूर तसाच. मेंढरं भवती. म्हनलं, आता प्यायचंच नगं."

तिनं फडकं पिळून थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं. त्यानं गिळलं. ते शेवटचं गिळलेलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांवर उजेड टाकून बघितला आणि सोमेश्वरच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी त्याला ओढ्याकाठच्या मसणवट्यात नेलं. कर्णा बंद ठेवला होता. मेंढरं जाळीत ओरडत होती, त्या दिवशी कुणी त्यांना चरायला नेलं नव्हतं.

आता त्या घराला सुतक. महाराजांची पिशवी उचलून मी माझ्या घरी आणली. आणली खरी आणि मग आठवलं, माझ्याकडं कमोड कुठं आहे? मी हात जोडले. "महाराज, आजची रात्र आणि उद्याचा दिवस. काय करावं, सुचत नाही."

महाराज बाजेवर बसले होते. दुपारपासून त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. म्हणाले, "आबा, घरात जुनी प्लॅस्टिकची खुर्ची आहे?"

"आहे."

"तिला मधे भोक पाडा. गोठ्यामागं हातभर खड्डा खणा, त्यावर खुर्ची ठेवा, भोवती चादर बांधा. मी निम्म्या गावांत असंच करतो. कमोडचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी सेवेकऱ्याचं नाव घेतलं नाही. करवत आणली. खुर्ची उलटी केली आणि कापायला बसलो. मऊ प्लॅस्टिक, भराभर कापलं गेलं. खड्डा खणून, चादर बांधून सगळं उरकलं तेव्हा घरात चुलीवर ठेवलेला भातसुद्धा शिजला नव्हता. कापलेला तो गोल तुकडा माझ्या हातात होता आणि मला तो टाकता येईना. असली एक खुर्ची लिंबाखाली ठेवली असती. धुळाजीच्या अंगणात ठेवली असती, झाडाच्या आडोशाला, तरी भागलं असतं. महाराजांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की बाबा, अशी अडचण आहे, तर त्यांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं. आम्ही सांगितलं नाही. महाराजांपुढं संडासाचं काय बोलायचं, या भिडेनं सांगितलं नाही.

मी तिथंच गोठ्यामागं बसून त्यांना सगळं सांगितलं. टाकीचं, लोकरीचं, मेढक्याचं, दगडाबाईला काय म्हणालो त्याचं. महाराज चादरीच्या कडेला हात धरून उभे होते. म्हणाले, "मग मी दंडवत कशाला घातला, आबा?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी काला झाला. महाराज कीर्तनाला उभे राहिले आणि आधी म्हणाले, "तीन दिवसांपूर्वी मी एका माणसाची स्तुती केली. त्याला भेटायला गेलो नाही, काय हवं ते विचारलं नाही. माझ्या स्तुतीनं त्याचं पाणी तोडलं." पुढचं कीर्तन मी ऐकलं नाही. टाळ हातात होता, वाजवला की नाही तेही आठवत नाही.

दहाव्याला मी दगडाबाईकडं गेलो. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं." ती म्हणाली, "आबा, तुमी एकटे व्हय? लोकर मीच धुतली की." त्या बाईनं माझा वाटा आपल्या डोक्यावर घेतला, आणि मला ते खोडून काढायला तोंड उघडता आलं नाही. रडू फुटलं. तिनंच पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

झाली गोष्ट. हिच्यात चमत्कार नाही, शेवटी कुणी विमानात बसून गेलं नाही. उठायच्या आधी एक मागतो तुमच्याजवळ, नाही म्हणू नका. तुमच्या घरात, पाहुण्यांच्या गर्दीत, लग्नात, सप्त्यात, एखादं म्हातारं माणूस तांब्या बाजूला सारून म्हणेल, "नको, तहान नाही मला." तेव्हा त्याचं कौतुक करू नका. त्याच्याजवळ बसा, हळूच विचारा, कुठं जायचं अडतंय का. आणि तेवढ्या वेळापुरतं एक नाव मनात घ्या. धुळाजी. लाल पटक्याचा, दोन दातांचा, आपलं घर दुसऱ्याला देऊन लिंबाखाली पडलेला. त्याला विसरू नका, बाबांनो.